आले, जोडले, गेले

घरात तिला नोंदआत्या म्हणत. ज्यांची ती मावशी होती तेही नोंदआत्याच म्हणत, आणि नुकत्याच बोलायला लागलेल्या एका नातवाने तर त्याचं 'नोनात्या' करून टाकलं होतं. तिची तक्रार नव्हती. दहा भावंडांतली ती नववी, बहिणींत सगळ्यात बारकी. तिला कुणी काही म्हणून हाक मारतं, हेच लहानपणी पुष्कळ होतं. आई एका मुलाला हाक मारायची तर आधी चार चुकीची नावं घ्यायची.

एकतीस वर्षं ती चर्चच्या ऑफिसात कारकून होती. लांबट खोली, एक खिडकी, लोखंडी कपाट. कपाटात बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि मृत्यूच्या वह्या, प्रत्येकीला काळं जाड पुठ्ठ्याचं वेष्टण. बाप्तिस्म्याच्या वहीत प्रत्येक नावापुढे रुंद समास सोडलेला असतो. माणूस पुढे जगात कुठेही जाऊन लग्न करो, तिथल्या चर्चमधून पत्र येतं आणि ती नोंद या समासात होते. म्हणून लग्न ठरलं की जिथे बाप्तिस्मा झाला तिथून ताजा दाखला मागवतात. समास कोरा आहे की भरलेला, हे बघायला. "आपल्या लोकांना पळून जाता येतं," नोंदआत्या म्हणायची, "पण समासातून नाही." हा तिचा एकमेव विनोद होता आणि ती तो जपून वापरायची.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती घरासाठी एक पान काढायची. दहा भावंडं, त्यांची मुलं, मुलांची मुलं, सुना, जावई मिळून चौसष्ट माणसं सात गावांत विखुरलेली. पानावर तीन मथळे: आले, जोडले, गेले. कुणाचं बाळ, कुणाचं लग्न, कुणाचं मरण. खाली बारीक अक्षरात मुलांचा पहिला कम्युनियन, परीक्षा, नोकऱ्या. पूर्वी ती पान टाइप करून पोस्टाने पाठवायची. आता घरच्या ग्रुपवर टाकायची आणि मोठ्या ताईसाठी एक प्रत छापायची, कारण मोठ्या ताईच्या मते फोनवर वाचलेली बातमी ही अफवा असते.

पानाचा एक नियम होता. वहीत नाही ते पानावर नाही. फार वर्षांपूर्वी एका भाचीचं बाळ 'आज-उद्या होईल' म्हणून तिने उत्साहाने 'आले'मध्ये टाकलं होतं. ते बाळ आलंच नाही. ते पान भाचीने अजून ठेवलंय, असं कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून नोंदआत्या चर्चच्या वहीत शाई वाळल्याशिवाय एक अक्षर लिहीत नसे.

पानाला एकच तपासनीस होती: चष्मेदादाची बायको. चष्मेदादा सहावा, दूरच्या शहरात त्याचं चष्म्यांचं दुकान. वहिनी अनाथाश्रमात सिस्टरांच्या हाताखाली वाढलेली, वेदीवरच्या कापडांवर भरतकाम करणारी, आणि शुद्धलेखनात कुणाच्या बापाचं न ऐकणारी. तिला माहेर नव्हतं, मूलबाळ झालं नाही. चौसष्ट माणसांचं हे पान ती माहेरच्या पत्रासारखं वाचायची. दादा तिला पान दुकानात छापून द्यायचा, आणि दर महिन्याला ती प्रत निळ्या पेन्सिलीने खुणा करून पोस्टाने नोंदआत्याकडे यायची. कोपऱ्यात लिहिलेलं असायचं, "सहा चुका. मागच्यापेक्षा बरं. जीव सांभाळ."

सात महिन्यांपूर्वी वहिनीने अंथरूण धरलं. डॉक्टरांनी गर्दी नको म्हटलंय, असं दादाने कळवलं, म्हणून कुणी गेलं नाही. त्याऐवजी सगळं घर रोज संध्याकाळी एकाच वेळी तिच्यासाठी प्रार्थना करू लागलं, आणि दादा रोज सकाळी ग्रुपवर दोन ओळी टाकू लागला. आज सूप घेतलं. आज उशीला टेकून बसली. आज खिडकी उघडायला सांगितली. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागायची.

निळ्या खुणा मात्र तीन महिन्यांपासून बंद झाल्या होत्या. हात थकले असतील, असं नोंदआत्याने धरलं. मागच्या महिन्यात तिने एक युक्ती केली. 'जोडले' या मथळ्यात मुद्दाम मात्रा हलवून 'जोडेल' केलं आणि तसंच पान पाठवलं. एवढी ढळढळीत चूक बघून वहिनी मेलेली असली तरी उठून पेन्सिल घेईल, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्याचं हसूही आलं. पेन्सिल आली नाही.

मोठ्या ताईने तेवढं विचारलं होतं, "जोडेल म्हणजे काय गं? कोण जोडेल?"

दर वर्षी या आठवड्यात नोंदआत्या आठ दिवस एकांताला जायची, मौन धरून, प्रार्थनेसाठी. सगळ्या घराला हे माहीत होतं. त्या दिवसांत तिला कुणी फोनही करत नसे. ऑफिसचं टपाल तेवढे दिवस नवे फादर बघायचे आणि काहीही न वाचता सही करायचे. या वर्षी एकांतगृहाचं छप्पर दुरुस्तीला काढलं होतं. म्हणून मंगळवारी सकाळी टपाल तिच्याच हातात आलं.

तिसरं पाकीट दादाच्या शहरातल्या चर्चचं होतं. छापील अर्ज. बाप्तिस्म्याचा ताजा दाखला, समासातल्या सर्व नोंदींसह. नाव दादाचं. वडिलांचं नाव, आईचं नाव, तारीख, सगळं बरोबर. कारण: विवाह. सद्यस्थिती: विधुर.

तिने चष्मा पुसला. दादानेच पाठवलेला चष्मा. पुन्हा वाचलं. मग फोन उघडून सकाळची ओळ वाचली: आज तिने केस विंचरून घेतले.

कारकुनाचं डोकं आधी कारकुनाची चूक शोधतं. दुसऱ्याच्या अर्जातला शब्द यात पडला असेल. किंवा दादाने खोटंच लिहून दिलं... पण विधुर असा शब्द कुठलेही फादर कागद बघितल्याशिवाय लिहीत नाहीत. तिसरी शक्यता होती. तिने ती वहीखाली सरकवली, एखादं पत्र नंतर बघू म्हणून सरकवावं तशी, आणि दादाला फोन लावला.

"बारके?" पहिल्याच घंटेला त्याने उचलला. "तू एकांताला गेली नाहीस?"

"छप्पर गळतंय तिथलं."

 तो हसला. "चला, देवालासुद्धा तुझी बडबड परवडत नाही म्हणायची."

"वहिनी कशी आहे?"

"आज केस विंचरले. वाचलं नाहीस?"

"वाचलं. दे ना तिला जरा."

"आत्ताच डोळा लागलाय गं."

"मग नुसता फोन तिच्या उशाशी धर. मी बोलत नाही. श्वास ऐकते."

"वेडी का तू?" त्याचा आवाज तितकाच मऊ होता. त्याच्यामागे कुणीतरी कपाटाचं दार लावलं, बांगड्या वाजल्या.

"कोण आहे?"

"कामाची बाई. ठेवू? गिऱ्हाईक आलंय."

गिऱ्हाईक घरात कसं येईल, हे तिला फोन ठेवल्यावर सुचलं.

तिने मोठ्या ताईला फोन केला. ताई ऐंशीच्या पुढची. आई गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द तिचा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कडाडली, "तुझं डोकं त्या वह्यांनी खाल्लंय! भाऊ बायकोचं हगणं-मुतणं काढतोय सात महिने, आणि तू त्याला लग्नाला उभा करतेस? कुठल्या तरी कारकुनाने घोळ घातला असेल."

"मीही कारकूनच आहे, ताई."

"तेच म्हणतेय मी."

नोंदआत्या उठली. तिने कपाट उघडून दादाच्या बाप्तिस्म्याचं पान काढलं. समासात चौतीस वर्षांपूर्वीची लग्नाची नोंद, तिच्या आधीच्या कारकुनाच्या तिरप्या अक्षरात. ते नाव तिने बोटाने वाचलं. या घराच्या कागदांत वहिनीचं नाव लिहिलेली ही एकच जागा होती. बाकी सगळीकडे ती कुणाची तरी वहिनी, काकी, मामी होती. आणि तेव्हा नोंदआत्याच्या लक्षात आलं की वहीत नाही ते पानावर येऊ नये म्हणून तिने इतकी वर्षं डोळ्यांत तेल घातलं. पण जे वहीत आहे आणि पानावर आलेलं नाही, त्याची चौकशी तिने कधी केलीच नव्हती.

तिने दादाच्या शहरातल्या चर्चच्या ऑफिसला फोन लावला. कारकुनाने कारकुनाशी बोलावं तसं, बेताने.

"नमस्कार. तुमचा एक अर्ज आलाय दाखल्यासाठी. जुळवणी करायची होती. मृत्यूच्या वहीत एक नाव बघाल का?"

"बघतो की, बाई. सांगा." पलीकडचा माणूस गप्पिष्ट होता. तिने वहिनीचं नाव सांगितलं. जाड पानं उलटल्याचा आवाज आला. हा आवाज तिच्या रोजच्या ओळखीचा होता. तो दुसऱ्या टोकाने कसा ऐकू येतो हे तिला आज कळलं.

"हां. आहे. भरतकामवाल्या बाई ना? आमच्या वेदीची कापडं त्यांचीच." त्याने तारीख सांगितली.

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठवडे मोजले. अकरा.

"शेवटचा संस्कार कुणी दिला?" तिने विचारलं. मरणाऱ्याला फादर तेल लावून देतात तो; तो रकाना तिच्याही वहीत होता.

"तिथे 'नाही' लिहिलंय. फादरांना बोलावलंच नव्हतं, मागाहून कळवलं. दफनाला नवरा आणि दुकानातली एक बाई, दोघंच. मोठं घर आहे म्हणे, पण कुणी आलं नाही." त्याने वही मिटली. "तुम्ही त्यांच्यातल्या की काय?"

"नोंद बघत होते," ती म्हणाली.

अकरा आठवडे. सत्त्याहत्तर सकाळी. त्या सत्त्याहत्तर सकाळी वहिनीने सूप घेतलं होतं, खिडकी उघडायला सांगितली होती, केस विंचरून घेतले होते. आणि सत्त्याहत्तर संध्याकाळी घरातली बाकीची माणसं, तान्ही धरून, जमिनीखाली असलेल्या बाईला बरं वाटावं म्हणून गुडघे टेकत होती.

तिने घरी नाही, दुकानाच्या नंबरावर फोन केला. बाईने उचलला. आवाज तरुण नव्हता, पण हसरा होता.

"ते बाहेर गेलेत. कोण बोलतंय?"

"मी त्यांची बहीण. बारकी."

"अय्या, नोंदआत्या!" बाई मोहरून म्हणाली. "म्हणजे, माझ्या नणंदबाई. पण मीही नोंदआत्याच म्हटलं तर चालेल ना? मी तुम्हाला फोन करणारच होते, पण हे म्हणाले, सध्या नको, तुमच्याकडे घरात कुणीतरी फार आजारी आहे, गर्दी नको म्हणून सांगितलंय. आता बरं आहे का त्यांना?"

नोंदआत्याने समासातल्या वहिनीच्या नावावर बोट ठेवलं.

"तुम्ही सगळ्यांनी मला किती पटकन आपलं केलंत," बाई बोलतच होती. "मला पुढेमागे कुणी नाही. ते पान आलं ना, माझं नाव त्यात, मी ते काचेखाली ठेवलंय. पान खरंच छान काढता हो. एक विचारू? मथळा 'जोडेल' असा मुद्दामच ठेवलात ना? लग्न अजून व्हायचंय, म्हणून?"

मात्रा तिने स्वतःच्या हाताने हलवली होती. वहिनीला उठवण्यासाठी. ती चूक जशीच्या तशी उचलून, खाली दुसरं नाव घालून, त्याने ते पान या बाईच्या हातात ठेवलं होतं. याच बाईने वहिनीवर माती टाकली होती आणि नंतर तिला सांगितलं गेलं होतं की घरचे खूश आहेत.

"हो," नोंदआत्या म्हणाली. "मुद्दामच." मग तिने विचारलं, "तुमचा पत्ता सांगता? खरं पान पाठवते."

दुपारी दादाचा फोन आला. बाईने सांगितलं असणार. 

"मी तिला शेवटपर्यंत सांगत होतो, बरी होतेयस," तो म्हणाला. "फादर आले असते तर तिला कळलं असतं. म्हणून नाही बोलावले. मग तुम्हाला तेच सांगत राहिलो. सकाळी दोन ओळी लिहिल्या की वाटायचं, असेल आत. थांबायचं कुठे, ते सापडेना, बारके."

"आणि हिला?"

"हिला कुणी नाही गं. तिला घर हवं होतं."

"वहिनीलाही कुणी नव्हतं, दादा."  त्याचा आवाज सकाळइतकाच मऊ होता. हाच आवाज कित्येक महिने एका उशाशी बसला होता, आणि आता दुसरीकडे बसायला निघाला होता.

"एक महिना थांब. मी हळूहळू सांगतो सगळ्यांना. आधी म्हणतो, तब्येत बिघडली. मग..."

"तू तिला पुन्हा एकदा मारणार?"

 तो म्हणाला, "दाखला पाठवशील ना?"

"पाठवीन. समासात जे आहे ते सगळं लिहून."

रविवार यायला पाच दिवस होते. थांबायचं नाही, असं तिने ठरवलं. कोरं पान उघडलं. एकतीस वर्षांत 'आले' हा शब्द नेहमी वर असे, कुणी आलं नसलं तरी. आज तिने तो पुसला. वर लिहिलं, गेले. खाली वहिनीचं पूर्ण नाव, तारीख, वहीचा पान क्रमांक. त्याखाली, दर महिन्याला जिथे परीक्षा आणि नोकऱ्या असत तिथे, फक्त एक ओळ: शेवटचा संस्कार नाही. तिच्यासाठीची प्रार्थना आजपासून बदलावी.

तिने तीन प्रती छापल्या. एक मोठ्या ताईला, एक दुकानातल्या बाईला, रजिस्टर पोस्टाने. तिसरी तिने निळी पेन्सिल घेऊन अक्षर-अक्षर तपासली. एकही चूक नव्हती. मग फोन उघडून पान ग्रुपवर टाकलं.

वर दादाची दुपारची ओळ येऊन पडली होती, तिच्या पानाच्या चारच मिनिटं आधी. आज तिने सगळ्यांची नावं घेतली.

त्या ओळीखाली जोडलेले हात उमटत होते, एकामागून एक. मग ते थांबले.