डोमाजीची घागर

सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी बांधावी तर आमच्या मनकर्णाबाईनं. मूळची ती पवनारची. तिकडचं वावर आता तिचे दीर महादेवराव पाहतात. सकाळच्या बसनं भाजी येते आणि ही इथं पिपरी मेघेत आपल्या दारात बसून विकते. दुपारी उरलासुरला सांभार पदरात घेऊन माझ्याकडं येते. म्हणते, "बाई, तुह्याशी बोलाले आली." खोटं आहे. माझ्याकडं कूलर आहे, आणि टीव्हीवर चिनी शिरेल आहे.

ते शिरेल माझ्या नातीनं, अंकितानं, लावून दिलं. माणसं चीनची, पण बोलतात हिंदी. जिकडंतिकडं अंधार, पाऊस आणि मुडदे. पहिल्या दिवशी मला सगळे एका आईची लेकरं वाटले. मग आम्ही त्यांना आपली नावं दिली. जाडा पोलीस तो नत्थू, कारण आमच्या गल्लीतला नत्थूही तोंडात घास ठेवूनच बोलतो. शेवयांचं दुकान चालवणारा तो चिंधू. एका बाईचा नवरा हरवलेला होता, तिला मात्र मनकर्णानं नाव ठेवू दिलं नाही.

"तिले बाईच म्हण," म्हणाली.

मनकर्णाचाही नवरा हरवलेला. अंकिता रांगत होती तेव्हाची गोष्ट. भरपावसात डोमाजी आणि महादेवराव, दोघं भाऊ, बाजाराला गेले आणि महादेवराव एकटेच परत आले. म्हणाले, "दादा सिंदीच्या टेसनावर गाडीत बसला वहिनी. म्या लय अडवलं." का गेला, हे मनकर्णानं विचारलंच नाही. वांगी तोडायला उशीर झाला म्हणून त्याच सकाळी ती नवऱ्याला बोलली होती, "जा, मले तोंड दाखवू नका." माणूस खरंच गेला. तेव्हापासून ती कपाळावर मोठं कुंकू लावायची आणि त्याला कोणी पळपुटा म्हटलं तर अंगावर धावून जायची.

पण आखजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली की तिचा जीव खालीवर व्हायचा. आखजीला आम्ही घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावानं नवी घागर भरतो आणि एकाला पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालतो. ज्याची घागर भरली नाही तो तिकडं तहानलेला राहतो म्हणतात. सासूसासऱ्याची ती दरवर्षी भरायची. डोमाजीची भरावी तर जित्या माणसाला मारल्यासारखं, आणि न भरावी तर? तो नसलाच कुठं, तर?

"पाणी पेतानी घोट अडकते व बाई," एकदा मला म्हणाली.

महादेवराव दर आखजीच्या तोंडावर बातमी आणायचे. दादा बल्लारशाला दिसला, दादा इटारसीत कोणाला भेटला. मग ती घागर राहून जायची.

तर त्या शिरेलात, बाईच्या नवऱ्याला चिंधूनंच पुरलेलं होतं. मारायचं म्हणून मारलं नव्हतं, भांडणात ढकललं आणि तो डोक्यावर पडला. हे आम्हाला माहीत, बाईला माहीत नाही. नवं वर्ष आलं की हा शेवयांचा डबा घेऊन तिच्या दारी जायचा आणि सांगायचा, तुझा नवरा अमक्या शहरात दिसला.

"आजी, हा एक नंबरचा हरामखोर आहे!" अंकिता म्हणाली.

"हरामखोर काऊन?" मनकर्णा सांभार निवडता निवडता म्हणाली. "तिचं छप्पर गळत होतं तं कोण चढलं वर? त्यानंच नीट केलं न?"

"मग खरं काऊन नाई सांगत?"

"सांगनं सोपं असते का व?" असं म्हणाली आणि एकदम थांबली. "अंकिता, मांगं घे जरा. बातमी सांगतानी तो तिच्या तोंडाकडं पाह्यते का?"

अंकितानं मागं घेतलं. नव्हता पाहत. खाली मान घालून डब्याचं झाकण पुसत होता.

"पुन्हा घे."

पुन्हा घेतलं. पुसलेलंच झाकण तो पुसत होता.

"आमचे भाऊजी दुपट्ट्याचे दोरे ओढत राह्यतेत," मनकर्णा म्हणाली. आमच्याशी बोलत नव्हती. मला समजलं. ती उठून गेली. सांभार माझ्याकडंच राहिला.

आखजीला तिनं मला पोळ्या लाटायला बोलावलं. चुलीपाशी ओल्या मातीच्या वासाच्या तीन घागरी होत्या. मी तिसरीकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं पाहिलं.

महादेवराव खरबूज घेऊन आले. टेकले आणि सुरू झाले, "वहिनी, दादा परवा नागपुरात..." बोटं दुपट्ट्यावर गेली.

"पाटावर बसा भाऊजी. आज पितर तुमी."

"बाबाचा न?"

"नाई. त्यायचा." तिनं तिसऱ्या घागरीकडं बोट केलं. नवऱ्याचं नाव तिनं आजवर घेतलं नव्हतं, तेव्हाही घेतलं नाही.

महादेवराव बसले. पानावर पोळी आली, कढी आली, वडे आले. पहिला घास उचलला आणि हात तिथंच राहिला.

"सिंदीले आमी गेलोच नव्हतो वहिनी," ते पानाकडं पाहत म्हणाले. "नाल्याले पूर होता. दादा म्हणे थांबू. म्याच म्हटलं, चाल, काई होत नाई. माह्या हातात हात होता त्याचा. सुटला. पाण्यानं मंग त्याले दिलंच नाई. तुमाले कोण्या तोंडानं सांगू?"

मला वाटलं, ही आता पान भिरकावते. मनकर्णानं एवढंच विचारलं, "मंग ते रागानं नाई गेले?"

महादेवरावांना ते उमगलंच नाही. "राग कायचा? बाजारातून घराकडंच येऊन राह्यलो होतो आमी."

तिनं घागरीचा गळा दोन्ही हातांनी धरला आणि खाली बसली. घागर हलली, थोडं पाणी सांडून तिच्या लुगड्यात जिरलं. रडली नाही. मग म्हणाली, "जेवा भाऊजी. घास हातात नोका ठेवू. पितर उपाशी राह्यते."

ते रडत रडत जेवले, ती वाढत राहिली. त्यांना ठसका लागला तेव्हा तिनं तिसऱ्या घागरीतलं पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी मी टीव्ही बंदच ठेवला होता. मनकर्णा आली. कपाळ मोकळं होतं. इतक्या वर्षांच्या कुंकवाखाली तेवढ्या जागेची कातडी वेगळ्याच रंगाची झाली होती, नव्या पोरीसारखी उजळ. मी दुसरीकडं पाहिलं.

"लाव न व," ती म्हणाली. "त्या बाईले कोणी सांगते का, पाहू तं."

लावलं. ती चिनी बाई दोन वाट्या मांडून बसली होती. दारात चिंधू डबा घेऊन उभा, झाकण पुसत. या खेपेला अंकितानं त्याला शिवी दिली नाही.

"सांग न रे बाप्पा," मनकर्णा टीव्हीला म्हणाली. "घराकडंच येऊन राह्यला होता म्हण. सांगून टाक."

त्यानं डबा उंबऱ्यावर ठेवला आणि पावसात निघून गेला.