काकूंचा अंगठा

काकू हातमोजे घालत नसत. "पत्र्याला हात कळला पाहिजे," असं त्या ठणकावून सांगत, जणू पत्रा म्हणजे रांगतं पोरच. पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्रांसाठी टायटॅनियमच्या पत्र्यांवर इरिडियमचा मुलामा चढवणं हे त्यांचं काम. पत्रा गरम आम्लात खरखरीत करायचा, ब्रशने इरिडियमच्या द्रावणाचा पातळ हात द्यायचा, भट्टीत भाजायचा. काळा झाला की पुन्हा हात, पुन्हा भट्टी.

पत्रे तपासायला नणंदबाई. वहिनीचं काही चुकतंय का, याच्या मागावर त्या लग्नापासूनच होत्या. इथे त्याचा पगार मिळत होता. मुलाम्यावर चिकटपट्टी दाबायची आणि खस्सकन ओढायची.

त्या दिवशी पट्टीबरोबर मुलामाही आला. नेमका अंगठ्याएवढा.

"वहिनी, सही करून पाठवलात होय?"

आम्लातून निघालेल्या पत्र्यावरून कौतुकाने अंगठा फिरवायची काकूंची खोड. कातडीचं तेल राहिलं, मुलाम्याने तिथे पाय रोवलाच नाही.

मालक मुलामा फवारणारं यंत्र आणायला टपलेलेच होते. "यंत्राला अंगठा नसतो, काकू. उद्यापासून तुम्ही पॅकिंगला."

"अंगठा माझाच! मी कुठे नाही म्हणतेय?" काकू कडाडल्या. "एक पत्रा द्या. त्याचा कण जरी निघाला तर पॅकिंगच काय, झाडू मारीन. तोवर माझ्या ब्रशला कुणी हात लावायचा नाही!"

मालकांनी पत्रा दिला, बहुधा आवाज थांबावा म्हणून.

काकूंनी कपाटाच्या तळातून हातमोजे काढले आणि मालकांच्या डोळ्यांत बघत, कुस्तीला उतरावं तसे चढवले. मग एकेक हात इतका पातळ, की नणंदबाईंना राहवेना.

"लावताय, की नुसतं दाखवताय?"

"तुमच्या चहातल्या दुधापेक्षा जास्तच आहे, वन्सं."

शेवटची भट्टी झाली. पत्रा निवला. नणंदबाईंनी पट्टी लावली, लग्नापासूनचा सगळा राग अंगठ्यात आणून दाबली, आणि ओढली.

पट्टी कोरी. उजेडात धरली, उलटी केली. कोरीच.

"नाही निघालं," दाढ उपटल्यासारखा चेहरा करून त्या म्हणाल्या. मग मालकांवरच उखडल्या, "मी ओढूनही निघालं नाही, आता बघता काय? चाचणीच्या टाकीत सोडा!"

पत्रा टाकीत उतरला, वीज सुरू झाली आणि त्याच्या काळ्या अंगावरून बुडबुडे सरसरत वर धावले.

"तरीपण यंत्राचं…" मालक पुटपुटले.

काकूंनी ब्रश पदराआड केला आणि मोज्यासकट अंगठा त्यांच्या नाकासमोर नाचवला.