कोन गेलं?

लिंबागणेश गाव मागे पडलं तेव्हा पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत माझ्या मागे फक्त आयोजकांची जीप उरली होती. तिने गाठलं की शर्यतीतून बाद. दिवाळीत आई गेली, तेव्हापासून मी पळत होते. ही एक शर्यत तरी मला पुरी करायची होती.

रस्त्याकडेला शेळ्या चारणारी एक बाई आडवी आली. आमच्याकडे भर उन्हात पोरगी एकटी पळताना दिसली, की माहेरी कुणीतरी गेलं असंच समजतात.

"कावून पळायलीस गं लेकी? कोन गेलं?"

शर्यत आहे, एवढंच सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "आई."

"आगं माय!" तिने मला बाभळीखाली बसवलं, पाणी पाजलं आणि गळ्यात पडून मोठ्याने रडू लागली. आईच्या वेळी घरभर पाहुणे होते. त्यांच्यासमोर मला रडताच आलं नव्हतं. आता थांबता येईना.

तेवढ्यात जीप आली. बाईने हात करून ती थांबवली, मला दंडाला धरून आत बसवलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, "लौकर ने बाबा. पोरीला आईचं तोंड तरी दिसू दे."