खंडेनवमीला चालू ठेवलेली लाइन

साजगावच्या आमच्या कारखान्यात विनिता ठोंबरेला सगळ्यांसमोर अडाणी म्हटलं, तेव्हा मी तिथंच होतो. तो राग माझ्या डोक्यातून अजून उतरलेला नाही.

विनिता आधी ड्रिल मशीनवर होती. मग नवी लाइन आली. सकाळी पंपाचं झाकण, दुपारी गिअरची पेटी, सगळं एकाच ठिकाणी. मशीन स्वतःच हत्यार बदलणार, माल रोबो उचलणार. जुनी मशीनं भंगारात गेली आणि त्यांवरच्या बायका घरी. राहिली एकटी विनिता. लोखंडी पाटावर माल आवळायचा आणि पाट रोबोपुढे सरकवायचा, हे काम तिनं हट्टानं शिकून घेतलं. घरात पगार आणणारी तीच.

खंडेनवमीला तिनं लाइनचे इंजिनिअर जितेश साहेब यांना आधीच सांगितलं, "साहेब, आज बंद ठेवा. आज हत्यार पुजायचं, चालवायचं नाय."

"मालक येतायत. त्यांना लाइनही चालू दिसली पाहिजे आणि पूजाही. लाव त्या पाटालाच कुंकू."

तिनं लावलं. प्रत्येक पाटाच्या दर्शनी बाजूला एक खूण असते. कॅमेऱ्यानं ती वाचली की कुठला माल आलाय ते मशीनला कळतं. पूजेची बोटं सवयीनं दर्शनी बाजूलाच गेली. खूण कुंकवाखाली झाकली गेली आणि मालकांच्या डोळ्यांदेखत सगळी लाइन ठप्प!

"असल्या अडाणी बायका इथं नकोतच, मी आधीपासून म्हणतोय," जितेश साहेब ओरडले. मघाशी तिच्याच हातचा पेढा खाल्लेला हा माणूस! मी तोंड उघडलं, तर मला गप्प बसवलं.

विनिता मात्र गप्प बसली नाही. "कुंकू मी लावलं, चूक माजी. पण लावायला सांगितलं कोणी?"

साहेब मोबाइलमध्ये बघत राहिले. निर्लज्जपणाला काही सुमार?

दसऱ्याची सुट्टी संपताच तिला पॅकिंगला टाकलं, तेही ठेकेदाराकडे. म्हणजे कधीही घरी. तिच्या जागी रसायनीचा निलेश आला. वर हुकूम असा, की जाण्याआधी त्याला काम विनितानंच शिकवायचं.

ती आली. जितेश साहेब शेजारीच उभे होते. तिनं पाटाला हातही लावला नाही.

"निलेश, पयलं हे शिक," ती साहेबांकडे बघत म्हणाली, "ह्यांनी काय बी सांगितलं, की आधी चार माणसं गोळा कर. मग त्यांच्यासमोर परत सांगायला लाव."