साहेबांचा चार्ज

देवासात चप्पल बाहेर काढून, आवाज खाली करून दर्शनाला जावं अशा जागा दोनच. एक टेकडीवरची देवी आणि दुसरी माझ्या मामेसासऱ्यांची, म्हणजे बायकोच्या मामांची, बैठकीची खोली. देवी निदान आपल्या गाभाऱ्यात राहते. मामांचं दैवत खिडकीजवळच्या कुंडीतून निघून, काथ्या गुंडाळलेल्या पाइपावरून छतापर्यंत चढून, तिथून डावीकडे वळून दारावरून स्वयंपाकघराकडे निघालेलं आहे. मॉन्स्टेरा नावाचा वेल. एकेक पान परातीएवढं, आणि त्याला अशी भोकं, अशा चिरा, की मांडूच्या महालातली जाळी कोणी हिरव्या रंगात कापून टांगली आहे असं वाटावं. माझी देवासला बदली झाली आणि मी पहिल्यांदा त्या खोलीत पाऊल टाकलं, तेव्हा नकळत हात जोडले. मामांना वाटलं, त्यांनाच जोडले. तो गैरसमज मी आजतागायत दूर केलेला नाही.

मामा मूळचे धारचे. वाडवडील दरबारच्या नोकरीत. घराण्यात कोणाच्या हाताला कधी ग्रीस लागलं नव्हतं. मामांनी ते लावून घेतलं. देवासच्या एका कारखान्यात ते आयुष्यभर फिटर होते. मग कारखाना बंद पडला. शेवटच्या दिवशी कोणी खुर्ची नेली, कोणी पंखा नेला. मामा मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि तिथल्या कोपऱ्यातल्या वेलाचं एक पेर मुळासकट कापून, ओल्या चिंध्यांत गुंडाळून, जेवणाच्या डब्यात घालून घरी घेऊन आले. मामींनी डबा घासायला उघडला आणि किंचाळल्या. मामा म्हणाले, "ओरडू नकोस. साहेब आलेत."

तेव्हापासून वेलाचं नाव साहेब. मॅनेजर बदलत गेले, केबिनमध्ये कायम राहिले ते हेच, असं मामांचं म्हणणं. "माझ्या घरात साहेब एकच असेल," असं मामींनी बजावलं होतं. एकच राहिला. तो मामा नव्हते एवढंच.

साहेबांना वारा चालत नाही म्हणून बैठकीतला पंखा उतरवला. साहेबांना उजेड लागतो म्हणून पडदे गेले. साहेबांना दमट हवा आवडते म्हणून मे महिन्यात कूलरचं तोंड त्यांच्याकडे आणि पाहुण्यांच्या हातात वर्तमानपत्राची घडी. दर रविवारी मामा स्टुलावर चढतात आणि जुन्या मलमली धोतराचा तुकडा ओला करून एकेक पान पुसतात. खालून एक तळहात पानाला आधार देतो, वरून दुसरा फिरतो. तान्ह्या बाळाची पाठ कोणी इतकी हळुवार पुसली असेल असं मला वाटत नाही. एकदा कुक्षीहून आलेल्या एका नातलगांनी साहेबांच्या लोंबत्या मुळीला आपली पिशवी अडकवली. मामांनी ती अलगद काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. "ऐसा है भिया, पुढच्या वेळी माझ्या कानाला अडकवा. दोन आहेत."

पण ह्या सगळ्यावर कळस म्हणजे रजिस्टर. कारखान्यात पाळी बदलताना जाणारा माणूस यंत्राची हकीकत लिहायचा, येणारा वाचून सही करायचा, आणि सही होईपर्यंत दोघांपैकी कोणी हलायचं नाही. मामांनी ती रीत घरी चालू ठेवली. ते भाजीला निघाले तरी चार्ज मामींकडे. मामींच्या नोंदी वाचनीय आहेत. "पाणी दिले नाही. साहेबांनी मागितले नाही. मला चहाही कोणी विचारला नाही. सही." रजिस्टरचा कायदा एकच: बिघाड झाला तर ज्याच्या हातून झाला त्याने स्वतः लिहायचं, आणि 'आपोआप' हा शब्द वापरायचा नाही. "यंत्र आपोआप बिघडत नाही, जावईबापू. माणूस आपोआप खोटं बोलतो."

गेल्या उन्हाळ्यात मामांच्या हृदयाचं ऑपरेशन इंदूरला ठरलं. दारात गाडी उभी, माझी बायको घड्याळ बघतेय, मामी डोळे पुसताहेत, आणि मामा रजिस्टर घेऊन साहेबांसमोर उभे. चार्ज मला. बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून कोरडं लागलं तरच पाणी. कूलर दुपारी. मग त्यांनी छताजवळ बोट दाखवलं. तिथे एक नवं पान आलं होतं, छत्रीसारखं घट्ट गुंडाळलेलं, कोवळं पोपटी.

"ह्याला हात लावायचा नाही. नाही म्हणजे नाही. ते त्याच्या वेळेला उघडेल." मग आवाज खाली आला. "मी परत येईन तेव्हा उघडलेलं असेल असा माझा हिशोब आहे. बघू, दोघांपैकी कोण आधी."

मी सही केली. एवढ्या गंभीरपणे मी लग्नाच्या रजिस्टरातही केली नव्हती.

ऑपरेशन नीट झालं. रोज फोन यायचा आणि पहिलं वाक्य असायचं, "कॅमेरा तिकडे वळवा." मी रोज बोट खुपसत होतो, कूलर लावत होतो. पान मात्र अर्धवट सुटून अडून बसलं. दहाव्या दिवशी सकाळी मामींचा फोन आला, दुपारपर्यंत पोचतोय. मी वर पाहिलं. टोक अजून गुंडाळलेलंच. माझ्या डोळ्यांसमोर तर सगळं नाटक तयार होतं: मामा दारात, पान पसरलेलं, मी बाजूला नम्रपणे उभा. एका टोकासाठी पडदा अडला होता. मी स्टुलावर चढलो, दोन बोटांनी टोक धरलं आणि जरा, अगदी जरा, मदत केली.

टर्र.

पान टोकापासून मधल्या शिरेपर्यंत फाटलं. मी स्टुलावरच बसलो. आणि मग माझ्या डोक्यात तो भयंकर सुंदर विचार आला: ह्या झाडाची पानं जन्मतःच फाटकी असतात! एक चीर जास्त. कोण मोजणार? मी खाली उतरलो, रजिस्टर उघडलं आणि सुंदर अक्षरात लिहिलं, "नवीन पान उघडले. एक चीर आपोआप". तिथे पेन थांबलं. दहा दिवस तो माणूस छातीला टाके घेऊन ह्या पानाची वाट बघत होता. मी ओळ खोडली. खाली लिहिलं, "पान ओढले. फाटले. कारण: मी."

मामा आले. निम्मे झाले होते. मामींचा हात धरून खुर्चीपर्यंत आले, वर बघितलंच नाही. "आधी रजिस्टर."

वाचलं. खोडलेली ओळसुद्धा वाचली, चष्मा वर करून. मी भिंतीकडे बघत होतो. मग ते मामींना म्हणाले, "पहिलं दे."

मामींनी कपाटातून सर्वांत जुनं रजिस्टर काढलं. मामांनी पहिलंच पान उघडून माझ्यासमोर धरलं. शाई फिकट झाली होती. "पहिले पान आले. ओढले. फाटले. घाई झाली. कारण: मी."

"कारखाना बंद झाला त्याच महिन्यातलं आहे," मामा म्हणाले. "रोज सकाळी डबा भरून घ्यायचो आणि इथेच बसून खायचो. सगळंच बंद झालं होतं ना भिया. वाटलं, एक तरी काही उघडावं."

मामी स्वयंपाकघरात निघून गेल्या. मग मामांनी वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "अरे वा," म्हणाले, "बडं आलंय."

मी पेन पुढे केलं. रीतीप्रमाणे आता चार्ज परत घेतल्याची सही त्यांची. डॉक्टरांनी त्यांना स्टुलावर चढायला आणि हात वर करायला मनाई केली आहे, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी पेन घेतलं, टोपण लावलं आणि माझ्या खिशात अडकवलं. "पुढच्या रविवारी घेतो."

आता रविवारी सकाळी स्टुलावर मी असतो. खालून मामा सांगतात, "तळहाताचा आधार द्या. घाई नको." ते फाटकं पान आता सर्वांत मोठं झालंय, आणि बाकीच्या सुबक चिरांमध्ये त्याची ती वेडीवाकडी चीर दारातूनच दिसते. आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो आणि मामा मोठ्या अभिमानाने सांगतात, "ती जावईबापूंची सही आहे."

पुसून झालं की मी खाली उतरतो, नोंद लिहितो आणि रजिस्टर त्यांच्यापुढे धरतो. ते नोंद वाचतात, मान डोलावतात, सहीच्या रिकाम्या जागेवरून एकदा बोट फिरवतात आणि म्हणतात, "पुढच्या रविवारी." मी हो म्हणतो. साहेब वरून बघत असतात.