पालीचं पिल्लू

दुकानात पाल चुकचुकली की मला ती दुपार आठवते. लेकीने डबीत, कापसावर जपलेलं पालीचं अंडं तडकलं होतं आणि पिल्लू डोकं बाहेर काढून अडकलं होतं. मी नखाने टरफल सोलायला गेलो, तशी ती ओरडली, “पप्पा, नको! तुमी लई घाई करता. मरंल ते. काकांना बोलवा.” वेल्ह्याच्या बाजारात समोरच दुकान असलेल्या धाकट्या भावाशी मी वाटणीपासून बोलत नव्हतो. तरी रस्ता ओलांडून गेलो. त्याने टरफलावर थेंबभर पाणी सोडलं आणि हाताची घडी घालून बसला. “त्याचं ते येतंय, दादा. तू जरा दम धर.” पिल्लू सुटलं, त्याच्याच बाहीवर चढलं, आणि लेक त्याच्या गळ्यात पडली. आता ती पुण्याला शिकते. सुट्टीत एसटीतून उतरली की आधी समोरच्या दुकानात शिरते. गल्ल्यावरून मला सगळं दिसतं.