चंद्राबाईच्या सासूची भाकरी

ब्याण्णव साली सांगलीकडच्या एका तुरुंगात, बायकांच्या बराकीत कुजबूज होती, की वडूजची चंद्राबाई आपण मारलेल्या सासूला रोज दुपारी जेवू घालते. कोपऱ्यातल्या बंद खोलीपुढे ती भाकरी ठेवायची आणि भाकरी नाहीशी व्हायची. मग तिच्या पंगतीला बसतंय कोण? महिनाभर बाई एकटीच जेवत होती.

त्याच बराकीतल्या रखमाला ते बघवेना. जीभ तिची तिखट, काळीज मऊ. एका दुपारी ती ताट घेऊन चंद्राबाईशेजारी बसलीच. "आवं मावशी, सासूला ठेचा लय झोंबंल की!"

"हळू बोल गं," चंद्राबाई पुटपुटली.

तेवढ्यात दाराखालच्या फटीतून पांढरीफटक बोटं आली, चाचपत चाचपत भाकरी आत ओढून घेऊन गेली. आत चावल्याचा आवाज झाला. रखमाला पळावंसं वाटलं. पण ती पळाली असती, तर चंद्राबाईजवळ पुन्हा कुणी फिरकलं नसतं. तिने आपली अर्धी भाकरी फटीशी सरकवली. "घ्या, सासूबाई."

आत कुणीतरी हसलं.

ती साताऱ्याची नवी कैदी विनोदिनी होती. चारचौघींत जेवायची तिला लाज वाटायची, म्हणून दुपारी ती त्या खोलीत दार लावून बसायची आणि कुणाला सांगू नको, असं तिने चंद्राबाईला बजावलं होतं.